आजेसासूबाई गॅसवर आहेत

१२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र पोचल्यावर महिन्याने लिहिते आहे, तेव्हा आधी कान पकडते आणि मग पुढे सरकते. तू आधी माझ्यावर रागावली असशील आणि मग बिचाऱ्या पोस्टमनवर. त्याची माझ्या वतीने माफी माग.

खोली बरी आहे. तिसरा मजला, रस्त्याच्या अंगाला. खिडकीतून समोरच्या बेकरीचं धुरांडं दिसतं. सकाळी धुकं असलं की तेही दिसत नाही, मग खोली जमिनीवर आहे की आणखी कुठे ते कळत नाही. भिंतीपलीकडे एक जण व्हायोलिनं दुरुस्त करतात. मी त्यांची फक्त पाठ पाहिली आहे. कधीतरी एकच तार वाजते, थांबते, पुन्हा वाजते. मी त्यांना मनातल्या मनात तारवाले म्हणते.

कामाचं विचारलं होतंस. संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत एक लांबलचक दालन आहे, तिथे कुठून कुठून गोळा केलेली पानंफुलं वाळवून ठेवतात. नवीन आलेली फांदी टीपकागदात घालायची, दोन फळ्यांमध्ये आवळायची, पुरती सुकली की जाड कागदावर बारीक पट्ट्यांनी बसवायची. दिवसभर दाबायचं आणि गप्प बसायचं. काम मला आवडतं, गप्प बसणं सोसत नाही. दालनात आम्ही पाच जण आहोत आणि सगळे पानांसारखेच वागतो. लहानपणी माझ्या बडबडीला कंटाळून आजीने माझं नाव टिटवी ठेवलं. ती टिटवी आता दिवसाकाठी चार शब्द बोलते, त्यातले दोन नमस्कार असतात.

तेव्हा आत्या, मी ठरवलंय. वसंत आला की मला कायम राहणार का म्हणून विचारतील, मी नाही म्हणणार. तुझी वरची खोली मला दे. तुझ्या हाताखाली काज-बटणं करीन, टाके उसवीन, पण तुझ्याजवळ राहीन. नाही म्हणू नकोस.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी पुन्हा एकदा कळवावास.

तुझीच,
टिटवी


२४ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टमनची माफी मागितली. तो म्हणाला, सवय आहे.

वरची खोली रिकामी नाही. तिथे सध्या दोन राजे, एक सेनापती आणि चार भुतं टांगलेली आहेत. नाटक कंपनीने जुने पोशाख टाकून द्यायला काढले, मला बघवेना, घेऊन आले. सगळ्या जन्मात त्यांच्या बाह्या मीच शिवल्या, आता म्हातारपणी रस्त्यावर कशा काढू? माझं बाकी ठीक आहे. पाय जरा सुजतात. इतकी वर्षं मशीनचं पायडल मारलं, आता त्यांनी संप केला तर त्यांचं काय चुकलं?

आता मुद्द्याचं. या पत्राबरोबर पार्सल येईल. त्यात आपल्या आजेसासूबाई आहेत आणि कॉफीचा एक पुडा आहे. तू गप्प बसून वाळायला लागली आहेस, म्हणून त्यांना तुझ्या सोबतीला धाडते आहे. माझी काळजी नको, मी नवी घेतली आहे, थाटाची, चकचकीत.

आपला करार असा. हा पुडा संपेपर्यंत तू तिथे राहायचं. संपला आणि तरी यावंसं वाटलं तर निघून ये, मी राजांना जिन्याखाली हलवीन. पण पुडा प्यायचा, कुणाला देऊन टाकायचा नाही. मी तुला ओळखते.

तू नुसती पिणारी होतीस, करायची आजी नाहीतर मी, म्हणून नीट सांगते. खालच्या भांड्यात पाणी भर, आधी तापवलेलं, आतल्या बाजूला जो बारीक पितळी खिळा आहे त्याच्या खालपर्यंतच. मधल्या वाटीत कॉफी. वरचं भांडं फडक्याने धरून घट्ट पिळ, नाहीतर बोटं भाजशील. आच मंद. झाकण उघडं ठेव आणि जवळ उभी राहा. वाटीला बुडाशी जाळी आहे आणि वरही आहे, म्हणून गाळणीबिळणी शोधत बसू नकोस. आधी धार येते, ती गप्पपणे येते. मग बाई घसा खाकरतात. खाकरल्या की लगेच उतरव आणि बूड ओल्या फडक्यावर टेकव. तिथे आळस केलास तर त्या थुंकतात आणि कॉफी कडू होते. आजीची खरी आजेसासू अशीच होती म्हणे. तासभर कोपऱ्यात मुकाट बसायची, मग खाकरायची, आणि पुढचं ऐकायला कुणी थांबायचं नाही. भांडं घरात आलं त्याच सकाळी आजीने बारसं उरकलं.

साबण लावू नकोस. जिवाला जप.

लोभ मंद आचेवर असू द्यावा.

तुझी,
आत्या


९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आजेसासूबाई सुखरूप आल्या. कमरेत बारीक, अंगाने आठ कोनांच्या, कानाचा दांडा तसाच थोडा जळलेला. त्यांना कागदातून काढलं तेव्हा तुझ्या घरचा वास आला आणि मी पलंगावर बसून थोडी रडले. मग तोंड धुतलं आणि गॅस पेटवला.

पुढचं सांगायला लाज वाटते. पहिल्या दिवशी त्या धार सोडेचनात. कमरेतून वाफ सोडत राहिल्या, सूं सूं करत राहिल्या, शेवटी दोन काळे घोट वर आले, ते इतके कडू की माझे कान हलले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, एकटीला एवढी कशाला, म्हणून वाटी निम्मीच भरली, तर नुसतं तांबूस पाणी आलं. मी त्यांच्याशी मोठमोठ्याने भांडले. म्हटलं, आजेसासूबाई, माझ्यावर एवढा राग का, मी तुमचं काय घोडं मारलंय, आत्याच्या घरी अशा वागत नव्हतात. खोलीत कुणीच नसतं, आवाज तेवढा मोठा येतो. दोन महिन्यांत एवढं बोलले नसेन.

काय चुकतंय ते सांग. आणि करार मोडता येतो का, तेही सांग.

रागाऐवजी लोभ धाडावा.

तुझी कडू
टिटवी


२० नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

करार मोडता येत नाही.

काय चुकतंय ते मला इथून दिसलं. वाटीत कॉफी घालून वरून चमच्याने दाबलीस ना? दाबलीसच. दिवसभर फांद्या दाबतेस, हाताला तेच वळण. अगं, ती कॉफी आहे, पान नव्हे. दाबली की पाण्याला वाट मिळत नाही, मग वाफ कमरेतून पळते आणि जे वर येतं ते जळून येतं. भुरभुरत वाटी भर, बोटाने वरून सपाट कर, बस. तिला श्वास घ्यायला जागा ठेव. तूही घे जरा.

दुसरं. आजेसासूबाई तिघांच्या आहेत. त्यांना पाणीही तिघांचं लागतं आणि कॉफीही तिघांची. अर्धवट भरलेलं त्यांना खपत नाही. एक तर पूर्ण करायची, नाहीतर करायचीच नाही. उरलेल्या दोन कपांचं काय करायचं ते तू बघ. मोरीत ओत नाहीतर माणूस शोध.

इथे सगळं क्षेम. शेजारणीच्या मांजराने माझी गाळणी कपाटामागे पाडली, तेव्हापासून कॉफी राणीच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळते आहे. जरीचा एखादा धागा पोटात जातो, पण घोट कसा राजेशाही लागतो. धुतलेले पोशाख वाळत घातलेत, वारा आला की सगळा दरबार हलतो. दुपारी मला त्यांच्यात डुलकी लागते.

लोभ आहे, तो दाबून भरू नये.

तुझी,
आत्या


१४ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जमली. आत्या, जमली गं.

त्या सकाळी धुकं एवढं होतं की बेकरी नव्हती, रस्ता नव्हता, दिव्याचा खांब नव्हता. वाटी भुरभुरत भरली, आच बारीक केली, झाकण उघडून वाट बघत उभी राहिले. मग नळीच्या तोंडाशी आधी एक थेंब आला, आणि मधाच्या रंगाची धार, अगदी मुकाट. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली. बाई खाकरल्या, मी उतरवलं, ओल्या फडक्यावर टेकवलं, आणि नेमकी तेव्हाच पलीकडे तार वाजली. मला वाटलं मी तुझ्या शिवणाच्या टेबलाखाली बसलेय, वर राण्यांचे झगे हलताहेत, आजी तीन कप मांडतेय आणि तू तोंडात टाचण्या धरून मला काहीतरी दटावते आहेस. डोळे उघडे होते, तरी हे सगळं दिसलं. कॉफी गोड नव्हती आणि कडूही नव्हती. हळूहळू प्यायले. मग उरलेले दोन कप मोरीत ओतले, तेव्हा फार वाईट वाटलं.

तेव्हापासून रोज करते, रोज दोन कप ओतते. पुडा निम्म्यावर आलाय.

आता एक भानगड ऐक. तारवाले हल्ली जिन्यात भेटले की मला वहिनी म्हणतात. मला वाटलं, माणूस कामाच्या नादात कुणाचं तरी कुणाला म्हणत असेल. पस्तिशीचे असतील, बोटांना सरस, केसात भुसा. मी आपली मान हलवून पुढे जायची. तर परवा सकाळी त्यांनी दार वाजवलं. हातात एक ठेंगणं लाकडी स्टूल. चाचरत म्हणाले की व्हायोलिनचं लाकूड उरलं होतं, त्याचं केलं, आजेसासूबाईंसाठी. दिवसभर घरात बसून त्यांचे पाय भरून येत असतील, वर टेकवायला बरं पडेल. आणि रोज सकाळी त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज भिंतीतून येतो, तर औषध चालू आहे ना?

मला हसावं की जमिनीत शिरावं कळेना. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत बाई खाकरायला लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं की थांबा, आजेसासूबाई गॅसवर आहेत, आणि मी आत पळाले. परत आले तर उंबऱ्यावर नुसतं स्टूल होतं. ते फार सुरेख आहे. हात लावला की गुळगुळीत लागतं. तेव्हापासून मी जिना चोरपावलांनी उतरते.

लोभ नसला तरी चालेल, सल्ला तातडीने पाठवावा.

तुझी,
टिटवी


२३ डिसेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की शेजारीण धावत आली. तिला वाचून दाखवलं, मग दोघी हसलो. माणूस पोलिसांकडे गेला नाही हे तुझं नशीब. लग्न न करता आजेसासू मिळवलीस आणि तिला गॅसवर ठेवलंस, असा पराक्रम आपल्या घराण्यात कुणी केला नाही.

पण पोरी, चेष्टा पुरे. एका न दिसलेल्या म्हातारीच्या पायांची ज्याला आठवण झाली, त्याला अंधारात ठेवू नये. उठ, बाईंना हातात घे, त्याच्या दारात जा आणि ओळख करून दे. जाताना दोन कप ने. ते ओतायचे नाहीत, सांगून ठेवते.

वरची खोली झाडून ठेवली आहे. राजे जिन्याखाली गेले. खिडकीला नवा पडदा शिवला, निळा. तू येणार म्हणूनच असं नाही, कापड उरलं होतं. पुडा किती राहिला ते कळव. घाई नाही, आपली चौकशी.

लोभ आहे, आणि हसू आवरत नाही.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा हुकूम पाळला. लगेच नाही, दोन आठवडे धीर गोळा केला. मग एका सकाळी बाईंना फडक्यात धरून तारवाल्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले की ह्याच आमच्या आजेसासूबाई. ते बघतच राहिले. सरसाचं भांडं खाली ठेवलं, हात पुसले आणि बाईंना चक्क वाकून नमस्कार केला. मग इतके हसले की भिंतीवरच्या व्हायोलिनांच्या तारा आपोआप गुणगुणल्या. तशा खरंच गुणगुणतात, मी ऐकलं.

कॉफी प्यायले. मग म्हणाले, बाईंची प्रकृती ठणठणीत आहे, औषध नको. आणि आत्या, अजून एक सांगितलं. म्हातारं माणूस पलीकडे झोपलेलं असेल म्हणून ते सकाळी तारेला हात लावत नसत. बाई खाकरल्या, म्हणजे उठल्या, असं समजून मग पहिली तार वाजवत. म्हणून रोज माझी धार संपायची आणि तार वाजायची. मला तो योगायोग वाटत होता. त्यांनी वहिनी म्हणणं बंद केलंय. त्याऐवजी काय म्हणावं हे त्यांना अजून सुचलेलं नाही, म्हणून नुसते थांबतात आणि लाल होतात.

दालनातही एक झालं. आमच्या प्रमुख बाईंनी माझ्यासमोर एक फांदी ठेवली, कधीची तरी दाबून ठेवलेली, पांढऱ्या फुलांची, फुलं आता तपकिरी. खाली लिहिलं होतं, कॉफी. मी वाकून वास घेतला, कागदाचाच आला. बाईंनी विचारलं काय शोधतेस, आणि मी बोलायला लागले. आजेसासूबाई, घसा, स्टूल, गॅस, सगळं. थांबेचना. बाईंनी चष्मा काढला, बाकीचे खुर्च्या सरकवून जवळ आले, आणि त्या दालनात कधी नव्हे ते सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपणहून मला नमस्कार केला, वर आणखी दोन शब्द. गेल्या सोमवारी, वसंत यायच्या आधीच, प्रमुख बाईंनी विचारलं, कायम राहणार का. मी म्हटलं, पुड्याला विचारून सांगते.

पुडा काल संपला. करार होता, संपला की यायचं. मी खरंच निघाले. कोट घातला, जिना उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दुसरा पुडा घेऊन वर आले. जिना चढताना मला कळलं की मी काय केलं. आत्या, मी राहते आहे. निळ्या पडद्याची आठवण येते, तरी राहते आहे.

आता तुझी पाळी. तू लिहिलंस की कॉफी ओढणीतून गाळते आहेस. मी ते हसून वाचलं आणि पुढे गेले. काल पुडा उघडताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजेसासूबाईंना गाळणी कधीपासून लागायला लागली? तूच लिहिलं होतंस, शोधत बसू नकोस म्हणून. तुझ्याकडे नवी नाहीच. होती ती एकच तू मला दिलीस आणि पातेल्यात कॉफी उकळून पीत बसलीस. एवढा राग आला तुझा, आणि मग रागाचं काय झालं ते लिहीत नाही.

सकाळी आता दोन कप लागतात. तिसरा मी भरून खिडकीत ठेवते आणि त्याची वाफ जाईपर्यंत बघते. तो ओतायचा मला कंटाळा आला आहे. ये.

लोभ पत्रातून नको, स्वतः घेऊन यावा.

तुझीच,
टिटवी


११ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पकडलंस. मांजराने घात केला.

नवी घेतली नव्हती. तू गेल्यावर काही दिवस मी तिघांची करत होते आणि दोन कप ओतत होते. आजी गेली तेव्हा एक कप ओतायची सवय झाली होती, दुसऱ्याची होईना. शेवटी बाईंकडे बघवेना, म्हणून त्यांना कागदात गुंडाळलं. तुझ्यासाठी पाठवल्या असं तुला वाटलं, निम्म्या माझ्यासाठीच पाठवल्या. मग बसले दुधाची तहान ताकावर भागवत.

खरं सांगू का? पुड्याचा करार केला तो तू तिथे रुजावंस म्हणून, आणि रोज सकाळी उठून वरची खोली झाडत होते ती तू यावंस म्हणून. तू दुसरा पुडा आणलास ते वाचलं आणि मी रडले. आनंदाने रडले असं लिहिणार होते, पण तेवढंच खरं नाही. दोन्हीने रडले. मग शेजारणीला बोलावून दरबार तिच्या ताब्यात दिला, मांजराला गाळणी देऊन टाकली, आणि पिशवी भरायला घेतली. निळा पडदा काढून त्यात घातला आहे. तुझ्या खिडकीला लांबीला पुरेल, रुंदीला बघू.

येत्या रविवारच्या सकाळच्या गाडीने येते. किती दिवस राहणार ते विचारू नकोस. एक पुडा संपेपर्यंत, असं धर. आणि पुडा मी घेऊन येते आहे, मोठा.

लोभ पिशवीत भरला आहे, दाबून भरला आहे, त्याला हरकत घेऊ नये.

तुझी,
आत्या

ता. क. ते स्टूल कुणाला देऊ नकोस. माझे पाय खरोखरच सुजतात. तारवाल्यांना सांग, त्यांनी ज्या म्हातारीसाठी केलं ती येते आहे. आजेसासू काही नाही, नुसती आत्या आहे. पुढेमागे आतेसासू म्हणून चालणार असेल तर तसंही त्यांच्या कानावर घाल. नको, राहू दे. तू सांगू नकोस. मीच बघते.